लहान कॅबिनेटच्या संगणकात ग्राफिक्स कार्ड बसवताना

गेल्या काही वर्षांत कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले छोटे डेस्कटॉप संगणक मोठ्या संख्येने घरांमध्ये आले आहेत. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क आणि प्रोडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर ही त्यांतली नेहमीची नावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये हे संगणक साफसूफ करून, नवी एसएसडी घालून विकले जातात आणि दिलेल्या पैशांच्या मानाने ते खरोखरच चांगले असतात. प्रोसेसर दमदार असतो, बांधणी मजबूत असते, आवाज फारसा नसतो. उणीव असते ती ग्राफिक्सची. प्रोसेसरमध्येच असलेले इंटेलचे ग्राफिक्स पत्रव्यवहार, हिशेब आणि चित्रपट यांना पुरते, पण ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्राममध्ये एखादे दृश्य रेंडर करायचे, म्हणजे त्याचे अंतिम चित्र तयार करायचे झाले, व्हिडिओचे रंग नीट बसवायचे झाले किंवा घरातल्या मुलांना बऱ्यापैकी खेळ खेळायचा झाला, तर त्याचा जोर अपुरा पडतो.

अशा वेळी वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवण्याचा विचार योग्यच आहे. मात्र मोठ्या कॅबिनेटमध्ये आधी आवडेल ते कार्ड घेऊन मग जरूर पडल्यास एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, बदलण्याची जी रीत आहे, ती येथे उपयोगाची नाही. लहान कॅबिनेटमध्ये उंची, जाडी, वीज आणि हवा या चारही गोष्टींची मर्यादा आधीच ठरलेली असते, आणि त्यांपैकी एक जरी चुकली तरी कार्ड एकतर बसत नाही किंवा बसूनही पूर्ण ताकदीने चालत नाही. म्हणून या लेखात निम्म्याहून अधिक जागा मोजमापाला दिली आहे. प्रत्यक्ष बसवण्याचे काम त्या मानाने सोपे आहे.

उदाहरणासाठी डेलचा ऑप्टिप्लेक्स ७०६० हा संगणक घेऊ. २०१८ सालच्या या मालिकेत टॉवर, स्मॉल फॉर्म फॅक्टर म्हणजे एसएफएफ आणि मायक्रो असे तीन आकार येतात. मायक्रोमध्ये ग्राफिक्स कार्डाचा स्लॉटच नसतो, त्यामुळे तो संगणक असलेल्यांना हा मार्ग बंद आहे. टॉवरमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड बसते. या लेखाचा विषय आहे मधला, म्हणजे एसएफएफ हा आकार, ज्याची रुंदी जेमतेम सव्वानऊ सेंटीमीटर असते. एचपी आणि लेनोव्होच्या त्याच आकाराच्या संगणकांनाही पुढचे बहुतेक सगळे लागू पडते.

खर्च करण्याआधी एक प्रश्न

प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे ते आधी पाहावे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो. ऑप्टिप्लेक्स ७०५० मधला आय५-७५०० त्या यादीत नाही, ७०६० मधला आय५-८५०० आहे. सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीच्या संगणकावर लिनक्स वापरणार असाल तर गोष्ट वेगळी; पण विंडोजच वापरायचे असेल, तर महागडे नवे कार्ड त्यात घालण्यापेक्षा आधी संगणकच एका पिढीने पुढचा घेणे मला शहाणपणाचे वाटते, कारण कार्डाचे पैसे तेवढेच राहतात आणि त्याचे आयुष्य वाढते.

रॅमही याच वेळी पाहून घ्यावी. आठ जीबीची एकच पट्टी असेल तर दुसरी तशीच पट्टी घालून ती सोळा करावी; व्हिडिओच्या कामात आणि नव्या खेळांमध्ये कार्डाइतकाच तिचाही फरक पडतो.

वीज

मदरबोर्डावरच्या पीसीआय एक्सप्रेसच्या एक्स१६ स्लॉटमधून, म्हणजे कार्डासाठीच्या लांब खाचेतून, ग्राफिक्स कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट वीज मिळू शकते. त्यातली ६६ वॉट १२ व्होल्टच्या वाटेने आणि उरलेली सुमारे १० वॉट ३.३ व्होल्टच्या वाटेने येते. मोठी कार्डे त्याहून अधिक वीज एसएमपीएसच्या सहा किंवा आठ पिनांच्या वेगळ्या वायरीतून घेतात. ऑप्टिप्लेक्सच्या एसएफएफमध्ये अशी वायर नसते. त्यामुळे ७५ वॉटच्या आत चालणारे आणि वेगळी वायर न मागणारे कार्ड, ही पहिली अट.

दुसरा हिशेब एसएमपीएसच्या एकूण क्षमतेचा. ७०५० एसएफएफचा एसएमपीएस १८० वॉटचा आहे, ७०६० एसएफएफचा २०० वॉटचा. त्याआधीच्या ७०१० एसएफएफमध्ये तो २४० वॉटचा होता. म्हणजे नवा संगणक घेतला की वीजही जास्त मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. एसएमपीएसवरचे लेबल स्वतः वाचावे. आता बेरीज करू. आय५-८५०० चे अधिकृत प्रमाण ६५ वॉट आहे, टर्बोमध्ये, म्हणजे वेग आपोआप वाढतो तेव्हा, तो थोडा वेळ त्याहून वर जातो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे आणि यूएसबीला लावलेल्या वस्तू यांना मिळून २५ ते ३० वॉट धरावेत. त्यात ७० वॉटचे कार्ड मिळवले की एकूण १६५ वॉटच्या आसपास जाते. २०० वॉटच्या एसएमपीएसला हे झेपते. १८० वॉटच्या, तेही सात-आठ वर्षे वापरलेल्या एसएमपीएसवर मात्र इतकी थोडी मोकळीक ठेवणे मला योग्य वाटत नाही. तेथे ५० वॉटच्या आसपासचे कार्ड घ्यावे. काही संगणकांच्या माहितीपुस्तिकेत स्लॉटची मर्यादा ७५ वॉटपेक्षाही कमी दिलेली असते, म्हणून निर्मात्याच्या संकेतस्थळावरून आपल्या नेमक्या मॉडेलची पुस्तिका उतरवून तो आकडा पाहावा आणि तोच अंतिम मानावा.

एसएमपीएस बदलून टाकू, असे अनेकांच्या मनात येते. पण या संगणकांचा एसएमपीएस बाजारातल्या नेहमीच्या आकाराचा नसतो आणि मदरबोर्डाकडे जाणारी त्याची जोडणीही नेहमीच्या २४ पिनांची नसते, त्यामुळे दुकानातला ४५० वॉटचा एसएमपीएस त्यात बसतच नाही. त्याहून घातक उपाय म्हणजे साटाच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या, पॉवर वायरीला अडॅप्टर लावून सहा पिनांचे कार्ड चालवणे. साटाच्या जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीला दीड अँपिअर चालतो, म्हणजे एकूण ५४ वॉट. आणि सहा पिनांची जोडणी ७५ वॉट मागू शकते. वायर तापते, प्लॅस्टिक वितळते आणि आग लागण्याचा धोका निर्माण होतो. असे अडॅप्टर कितीही स्वस्तात आणि कितीही खात्रीने कुणी देत असले तरी घेऊ नये.

यूपीएस असेल तर त्यावरचा व्हीएचा आकडा न पाहता वॉटचा आकडा पाहावा. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात बराच कमी वॉट देतो, आणि त्यावर मॉनिटर, राउटर, स्पीकर असे सगळे लावलेले असेल तर नव्या कार्डानंतर तो कुरकुरू लागतो.

उंची आणि जाडी

पूर्ण उंचीच्या कार्डाची धातूची मागची पट्टी, म्हणजे ब्रॅकेट, सुमारे १२० मिलिमीटर लांब असते. लो प्रोफाइल कार्डाची सुमारे ७९ मिलिमीटर. एसएफएफमध्ये दुसरेच बसते. मात्र नुसते ब्रॅकेट बदलून पूर्ण उंचीचे कार्ड छोटे होत नाही, कार्डाची हिरवी किंवा काळी पाटीच मुळात बुटकी असावी लागते. दुकानदाराला विचारताना ‘छोटे कार्ड’ असे विचारू नये, कारण लांबीला आखूड पण उंचीला पूर्ण असलेली कार्डेही त्याच नावाने विकली जातात. ‘लो प्रोफाइल’ किंवा ‘हाफ हाइट’ हेच शब्द वापरावेत आणि खोक्यात छोटे ब्रॅकेट आहे का, ते पैसे देण्याआधी उघडून पाहावे. जुन्या कार्डांच्या बाबतीत हे विशेष जपावे, कारण पहिल्या मालकाने मोठे ब्रॅकेट लावून छोटे हरवलेले असते आणि ते सुटे मिळवणे सोपे नसते.

जाडीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. दोन शेजारच्या स्लॉटांमध्ये २०.३२ मिलिमीटर अंतर असते. पंखा आणि धातूचा हीटसिंक असलेली बरीच कार्डे दोन स्लॉट व्यापतात. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला दोन पट्ट्या आहेत म्हणजे दोन स्लॉटांचे कार्ड बसेल, असा समज होतो, पण तेवढ्यावर भागत नाही. कार्ड स्लॉटमध्ये उभे केल्यावर त्याचा पंखा प्रोसेसरच्या विरुद्ध दिशेला तोंड करून असतो. म्हणून लांब एक्स१६ स्लॉट प्रोसेसरच्या जवळचा असेल, तर पंख्याला शेजारच्या छोट्या स्लॉटवरची जागा मिळते आणि जाड कार्ड बसू शकते. तोच लांब स्लॉट जर पलीकडच्या टोकाला, एसएमपीएसला किंवा पत्र्याला चिकटून असेल, तर एका स्लॉटच्या जाडीचेच कार्ड घ्यावे लागते. तेव्हा झाकण उघडून, मोजपट्टी घेऊन, लांब स्लॉटच्या मध्यापासून प्रोसेसरच्या विरुद्ध दिशेला पहिली अडचण किती मिलिमीटरवर येते ते मोजावे. चाळीस मिलिमीटरपेक्षा कमी जागा असेल तर दोन स्लॉटांच्या कार्डाचा विचार सोडावा. ती थोडी जास्त असली तरी पंख्याला हवा ओढायला काही मिलिमीटर मोकळे राहतात का, ते पाहावे.

लांबी मोजताना स्लॉटच्या टोकापुढे डिस्कचा पिंजरा, साटाच्या वायरी किंवा उभी रॅम आडवी येते का ते बघावे. दोन पंख्यांची लो प्रोफाइल कार्डे साधारण १७ ते १८ सेंटीमीटर लांब असतात. पिंजरा मिटल्यावर तो कार्डाच्या वर किती उंचीवर टेकतो, हेही पाहायचे, कारण उघड्या कॅबिनेटमध्ये छान बसलेले कार्ड पिंजरा खाली आणताच अडते.

कोणते कार्ड

या चार मर्यादांतून गाळून उरणारी कार्डे थोडीच आहेत, त्यामुळे निवड सोपी होते.

एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०५०, सहा जीबीचे, फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. ते ७० वॉटमध्ये आणि वेगळ्या वायरीशिवाय चालते आणि त्याच्या लो प्रोफाइल आवृत्त्या एमएसआय, गिगाबाइट अशा निर्मात्यांनी काढल्या आहेत. जागा दोन स्लॉटांची आणि एसएमपीएस २०० वॉटचा असेल तर मी डोळे मिटून हेच घ्यायला सांगेन, कारण ब्लेंडरसारख्या कामातही त्याचा उपयोग होतो आणि व्हिडिओ एन्कोड करण्याची, म्हणजे तो दाबून फाइलमध्ये साठवण्याची, सोय त्यात आहे. पण नाव वाचताना सावध राहावे. याच नावाचे आठ जीबीचे कार्ड १३० वॉटचे आहे आणि त्याला वेगळी वायर लागते. तीच गत जीटीएक्स १६५० ची: हे २०१९ चे ७५ वॉटचे कार्ड लो प्रोफाइलमध्ये मिळते, मात्र त्याच्या पूर्ण उंचीच्या अनेक आवृत्त्यांवर सहा पिनांची जोडणी असते.

जागा एकाच स्लॉटची असेल तर दोन पर्याय उरतात. एनव्हिडियाचे टी१००० हे वर्कस्टेशनसाठी काढलेले कार्ड ५० वॉटचे आणि एका स्लॉटच्या जाडीचे आहे. ताकदीला ते जीटीएक्स १६५० च्या जवळचे. त्याला चार मिनी डिस्प्लेपोर्ट असतात, म्हणजे मॉनिटरसाठी योग्य वायर किंवा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. चित्रकार, वास्तुविशारद, डीटीपीचे काम करणारे यांच्यासाठी ते फार समाधानकारक कार्ड आहे. दुसरा पर्याय एएमडीच्या आरएक्स ६४०० चा. ते ५३ वॉटचे असून एका स्लॉटच्या जाडीत मिळते, परंतु दोन गोष्टी समजून घेतल्याशिवाय ते घेऊ नये. एक म्हणजे ते पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त चार लेन, म्हणजे माहिती ये-जा करण्याच्या वाटा, वापरते. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या मदरबोर्डावर हे चालून जाते, पण आपल्या ७०६० सारख्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ती वाट निम्मी होते आणि कार्डाची चार जीबी मेमरी भरली की खेळ अडखळू लागतो. दुसरे म्हणजे त्यात व्हिडिओ एन्कोडरच नाही, त्यामुळे स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्यांना किंवा शिकवण्या ऑनलाइन घेणाऱ्यांना ते एकटे पुरे पडत नाही.

इंटेलची आर्क ए३१० आणि ए३८० ही कार्डे कागदावर आकर्षक आहेत, पण रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, मदरबोर्डात नसेल तर त्यांची कामगिरी फार घसरते. इंटेल ती सोय आपल्या दहाव्या किंवा त्यापुढच्या पिढीच्या संगणकांवर असावी असे सांगते. आठव्या पिढीच्या संगणकासाठी ती घेऊ नयेत.

राहिली ती जुनी कार्डे. जीटी १०३० आणि जीटीएक्स १०५० टीआय अजून बाजारात दिसतात. ही पास्कल पिढीची आहेत आणि एनव्हिडियाने या पिढीसाठी नियमित ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, देणे ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेपुरत्या सुधारणा ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील. १०५० टीआय स्वस्तात आणि चांगल्या स्थितीत मिळाले तर जुन्या खेळांसाठी ते अजून पुरते. जीटी १०३० घेताना मात्र खोक्यावर जीडीडीआर५ लिहिलेले असल्याची खात्री करावी. डीडीआर४ लावलेली त्याची दुसरी आवृत्तीही त्याच नावाने विकली गेली आणि तिच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १६.८ जीबीवर आला. अशी आवृत्ती बसवून इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्सपेक्षा फारसे काही पदरी पडत नाही.

वापरलेले कार्ड घेताना दुकानातच ते चालू संगणकावर लावून जीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्राम चालवून पाहावा. जुन्या चिपवर बनावट बायोस, म्हणजे सुरू होताना आधी चालणारा मूळ प्रोग्राम, चढवून ती १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकार झाले आहेत, आणि असे बनावट कार्ड हा प्रोग्राम बहुधा ओळखून नावापुढे तसे दाखवतो.

शेवटी मॉनिटर पाहावा. नव्या कार्डांवर व्हीजीए नसतो. जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए करणारा ॲक्टिव्ह अडॅप्टर आधीच आणून ठेवावा, नाहीतर सगळे जुळवून झाल्यावर वायरीपायी काम थांबते.

उघडण्याआधीची तयारी

महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर काढावी. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी आणि काम होईपर्यंत बिटलॉकर स्थगित करावा. बायोसमध्ये फेरफार झाल्यावर तो ४८ अंकी की मागू शकतो आणि ती नसेल तर डिस्कवरचा सगळा मजकूर हातचा जातो. कार्यालयातून आलेल्या संगणकाच्या बायोसला पासवर्ड असण्याची शक्यता असते. चालू करताना (डेलवर) एफ२ दाबून बायोसमध्ये शिरता येते का आणि तेथे बदल करता येतात का, हे आत्ताच तपासावे, आणि पासवर्ड असेल तर विक्रेत्याकडून काढून घ्यावा. निर्मात्याच्या संकेतस्थळावर नवा बायोस असेल तर तो जुन्या ग्राफिक्सवरच, यूपीएस लावून, चढवावा. कार्डाचा ड्रायव्हरही आधीच उतरवून डिस्कवर ठेवावा.

मग संगणक बंद करावा. विंडोजचे फास्ट स्टार्टअप चालू असेल तर नेहमीचे शटडाउन अर्धवट असते, म्हणून शिफ्ट दाबून शटडाउन करावे. भिंतीचे बटण बंद करून वायर मागून काढावी, मॉनिटरची आणि यूएसबीची वायरही काढावी, आणि सुरू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला भार निघून जातो.

बसवणे

टेबलावर जाडसर सुती कापड पसरून संगणक आडवा ठेवावा. नायलॉनचे कपडे आणि गालिचा टाळावा. हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करावा आणि अधूनमधून करत राहावा. थंडीतल्या कोरड्या हवेत, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, ही सवय फार उपयोगी पडते.

डेलच्या यंत्रांत हाताने सोडवायच्या खिट्ट्या निळ्या रंगाच्या आणि एचपीच्या यंत्रांत हिरव्या रंगाच्या असतात, त्यामुळे कुठे दाबायचे ते शोधावे लागत नाही. झाकण निघाल्यावर समोर डिस्क आणि ऑप्टिकल ड्राइव्हचा पिंजरा दिसतो आणि स्लॉट त्याच्याखाली असतात. पिंजरा काढण्याआधी वायरी कशा नेल्या आहेत त्याचे मोबाइलवर दोन-तीन कोनांतून फोटो घ्यावेत. साटाच्या जोडणीला बहुतेक वेळा धातूची छोटी पट्टी असते. ती दाबूनच जोडणी ओढावी, वायर धरून ओढू नये.

आत धूळ असतेच. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने ती काढावी, पण ब्लोअर मारताना प्रोसेसरच्या पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, म्हणजे तो वेड्यासारखा फिरून त्याच्या बेअरिंगला इजा होणार नाही. हे काम करताच प्रोसेसरचे तापमान खाली येते, आणि नव्या कार्डाच्या उष्णतेसाठी तेवढी जागा होते.

आता कार्ड बाहेर काढावे. कडेला धरावे, सोनेरी संपर्कपट्टीला बोट लावू नये. वापरलेल्या कार्डाची पट्टी काळवंडलेली असेल तर आपल्याकडे ती खोडरबरने घासण्याची पद्धत आहे. त्याने सोन्याचा पातळ थर झिजतो आणि रबराचे कण स्लॉटमध्ये अडकतात. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने हलकेच पुसावे आणि पूर्ण सुकू द्यावे. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या कार्डाला हा उपचार अवश्य करावा.

कार्डाला मोठे ब्रॅकेट लावलेले असेल तर ते बदलावे. त्याचे स्क्रू अगदी बारीक असतात. काही कार्डांवर डीव्हीआय पोर्टच्या दोन बाजूंचे षटकोनी स्क्रूही काढावे लागतात. स्क्रू वाटीत ठेवावेत. छोटे ब्रॅकेट लावून स्क्रू पूर्ण घट्ट करण्याआधी सर्व पोर्ट त्याच्या खिडक्यांतून सरळ बाहेर येतात ना, ते पाहावे.

कॅबिनेटच्या मागच्या कडेची खिट्टी उघडून रिकाम्या पट्ट्या काढाव्यात. दोन स्लॉटांचे कार्ड असेल तर दोन्ही. कार्ड स्लॉटच्या बरोबर वर उभे धरून, ब्रॅकेटचे खालचे टोक पत्र्याच्या फटीत गेल्याची खात्री करून, दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब देत ते खाली न्यावे. शेवटी स्लॉटच्या टोकाची कडी ‘टक्’ असा आवाज करून बसते. या आवाजावर विसंबून न राहता वाकून कडेने पाहावे. सोनेरी पट्टीची स्लॉटबाहेर दिसणारी कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी असली पाहिजे. ब्रॅकेटच्या बाजूने ती केसभर जास्त दिसत असेल तर कार्ड तिरके बसले आहे, आणि कारण बहुधा ब्रॅकेटचे टोक पत्र्यावर टेकलेले असते. ते काढून पुन्हा बसवावे. खिट्टी लावून दाबल्याने तिरकेपणा जात नाही, उलट स्लॉटवर ताण येतो.

खिट्टी बंद करून पिंजरा परत बसवावा आणि वायरी फोटोप्रमाणे जोडाव्यात. एकही वायर कार्डाच्या पंख्याला टेकू देऊ नये. ऑप्टिकल ड्राइव्ह वापरात नसेल तर तिची वायर बांधून बाजूला सारावी.

पहिली सुरुवात

मॉनिटरची वायर मदरबोर्डाच्या पोर्टला न लावता कार्डाच्या पोर्टला लावावी. पडदा काळा राहिल्याची तक्रार येते तेव्हा सर्वांत आधी हीच जागा पाहावी. सुरू करताच झाकण उघडले गेल्याची सूचना दिसू शकते. ती कॅबिनेटच्या सुरक्षेची सोय आहे, पुढे जाऊन बायोसमधून ती मिटवता येते. बायोसमध्ये प्राथमिक डिस्प्ले ‘ऑटो’वर ठेवावा. इंटेलचे ग्राफिक्सही सोबत चालू ठेवण्याचा पर्याय तेथे असेल तर तो अवश्य घ्यावा, कारण त्यातला क्विक सिंक एन्कोडर व्हिडिओच्या कामाला येतो आणि आरएक्स ६४०० ची उणीव बरीचशी भरून काढतो.

विंडोज सुरू झाल्यावर आधी उतरवलेला ड्रायव्हर चढवावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा. पूर्वी दुसऱ्या कंपनीचे कार्ड होते तरच डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर पुसून काढण्याची गरज असते. इंटेलचा ड्रायव्हर काढू नये.

पडदा काळाच राहिला तर वीज काढून कार्ड पुन्हा बसवावे, दुसरा पोर्ट आणि दुसरी वायर वापरून पाहावी. तरीही काही दिसले नाही तर कार्ड काढून मदरबोर्डाच्या पोर्टवर संगणक सुरू होतो का, ते पाहावे. सुरू होत असेल तर बायोसच्या मूळ सेटिंग परत आणाव्यात, आणि सात-आठ वर्षांच्या संगणकातली सीआर२०३२ बटण सेल त्याच वेळी बदलून टाकावी. फार जुन्या कार्डांच्या बायोसमध्ये यूईएफआयचा, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसचा, आधार नसतो. अशी कार्डे नव्या संगणकांवर पडदा दाखवतच नाहीत, त्यांच्यावर वेळ घालवू नये. कामाचा ताण येताच संगणक अचानक बंद पडत असेल, तर संशय एसएमपीएसवर घ्यावा.

तपासणी

जीपीयू-झेड उघडून बस इंटरफेसची ओळ वाचावी. तेथे पहिला आकडा कार्डाची क्षमता सांगतो आणि दुसरा सध्याची जोडणी. कार्ड निवांत असताना दुसरा आकडा १.१ दाखवतो, तो दोष नाही. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून छोटी चाचणी चालवली की तो ३.० वर जायला हवा. लेनची संख्या मात्र तपासावी. आरटीएक्स ३०५० मुळातच आठ लेनचे आहे, त्यामुळे तेथे आठ दिसणे बरोबर. चार दिसले तर कार्ड चुकून छोट्या स्लॉटमध्ये आहे किंवा नीट बसलेले नाही.

त्यानंतर झाकण लावून, आपले नेहमीचे अवजड काम अर्धा तास चालवावे आणि सेन्सरच्या पानावर तापमान पाहत राहावे. उघड्या कॅबिनेटमधले आकडे कामाचे नाहीत. ८० अंशांपर्यंत काळजी नाही. ८५ च्या पुढे जाऊन तेथेच टिकत असेल तर हवेची व्यवस्था करावी लागेल. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी त्याच पानावर परफकॅप रीझन अशी ओळ असते, तिच्यात ‘थर्म’ दिसले तर कार्ड उष्णतेमुळे स्वतःला आवरत आहे, आणि ‘पीडब्ल्यूआर’ दिसले तर विजेच्या मर्यादेला टेकले आहे. या छोट्या कार्डांत दुसरे कारण नेहमीचेच आहे, त्याने बिघडत नाही.

उष्णतेचे मूळ असे की या कॅबिनेटमधला पंखा सहसा प्रोसेसरच्या तापमानावर चालतो. ग्राफिक्स कार्ड तापले आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून बायोसमध्ये पंख्याचा किमान वेग वाढवण्याची सोय असेल तर ती वापरावी. संगणक टेबलाखालच्या बंद कप्प्यात ठेवू नये, आणि आडवा ठेवला असेल तर ज्या बाजूला कार्डासाठी हवेच्या फटी आहेत तिच्यावर कागद, पुस्तके ठेवू नयेत. एवढे करूनही तापमान उतरत नसेल तर एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये कार्डाची विजेची मर्यादा दहा टक्क्यांनी कमी करून पाहावी; वेग त्या मानाने थोडाच घटतो आणि एसएमपीएसलाही आराम मिळतो. मे महिन्यात नागपूर किंवा अकोल्याच्या खोलीत हा उपाय पावसाळा येईपर्यंत कायम ठेवायलाही हरकत नाही.

धुळीच्या रस्त्यालगत राहणाऱ्यांनी दर तीन-चार महिन्यांनी आणि इतरांनी वर्षातून एकदा कार्डाचा पंखा आणि पुढची जाळी साफ करावी. काढलेल्या पट्ट्या, मोठे ब्रॅकेट आणि त्याचे स्क्रू एका पाकिटात घालून कार्डाच्या खोक्यातच ठेवावेत. पुढे कार्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये न्यायचे झाले किंवा वॉरंटीत परत द्यायचे झाले, तर ते सगळे लागते.